बाळंतिणीच्या थकव्याचे आकडे आणि सरासरीचा जुना वाद

प्रसूतिगृहातील मातामृत्यूंचे तक्ते मांडणारी पुस्तिका इंग्लंडमध्ये 1871 मध्येच निघाली होती. पण मृत्यू मोजता येतो, थकवा विचारावा लागतो. त्यासाठीची ‘सहमत–असहमत’ धाटणीची लिकर्ट पट्टी (प्रत्येक विधानावरच्या उत्तराला क्रमाने गुण देणारी) 1932 ची. 1946 मध्ये मोजमापाच्या चार पातळ्या (नुसती नावे, क्रम, सारखी अंतरे, खरा शून्य) मांडल्या गेल्या आणि वादाला तोंड फुटले: ‘कधीच नाही’ला 1 आणि ‘नेहमी’ला 5 दिले, तरी 1 ते 2 आणि 4 ते 5 ही अंतरे सारखी कशावरून? मग सरासरी काढायची की मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा?

बेरजेच्या गुणांची सरासरी चालते, असे एक मोठा गट म्हणतो आणि ते अगदीच चूक नाही. खरी अडचण गुणांच्या पसरणीत आहे. 2003 ची 10 विधानांची थकवा-मापनपट्टी घ्या; प्रत्येक विधानाला ‘कधीच नाही’ (1) ते ‘नेहमी’ (5) असे उत्तर. गुण 10 ते 50, आणि 22 पासून पुढे थकवा धरतात. समजा, दहा बाळंतिणींचे गुण असे आले: 14, 15, 15, 16, 17, 18, 19, 20, 41, 45. सरासरी बरोबर 22, प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरले त्याचे माप) 11.3. तक्ता वाचणारा म्हणेल, गट थकलेला आहे. प्रत्यक्षात आठ जणी 22 च्या रेषेखाली आहेत. सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा केली तर उत्तर शून्याच्याही खाली जाते, आणि पट्टीवर 10 पेक्षा कमी गुण नाहीतच. गुण एका बाजूला झुकल्याची ही खूण. मध्यक 17.5 येतो, मधल्या निम्म्या जणी 15 ते 20 मध्ये. पण नुसता मध्यक दिला तर 41 आणि 45 वाल्या दोघी गायब होतात, आणि नर्सने आधी त्यांच्याच खाटेशी जायला हवे. म्हणून मध्यकासोबत 22 किंवा जास्त गुणांच्या बायकांची संख्या आणि सर्वाधिक गुण द्यावेच लागतात.

ही पट्टी मुळात नेदरलँड्समधील नोकरदारांवर घडली. तिचे तिसरे विधान ‘दिवसभरात मी फारसे काही करत नाही’ असे आहे. खान्देशात माहेरी सव्वा महिना बाजेवर असलेली बाई ‘नेहमी’ म्हणणारच! ‘कधीच नाही’च्या तुलनेत एवढ्याने 4 गुण वाढतात, 18 गुणांची बाई 22 वर जाते. त्यामुळे प्रत्येक विधानाची वारंवारता (कोणते उत्तर किती जणींनी दिले) वेगळी छापणे इथे गरजेचे आहे. चौथे आणि दहावे विधान उलट गुणांकनाचे, म्हणजे तिथे ‘नेहमी’ हे थकवा नसल्याचे उत्तर. ते उलटवायचे राहिले की ताज्यातवान्या बाईला 8 गुण जादा मिळतात, थकलेलीचे घटतात, आणि प्रमाण विचलन फसवे लहान दिसते. प्रश्न अहिराणीत किंवा पावरीत (पावरा आदिवासींची बोली) वाचून दाखवताना हीच दोन विधाने जास्त गोंधळतात.

दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांना पैशाची मदत देणाऱ्या 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. अभ्यासासाठीचा नमुना वॉर्डातच मिळू लागला, पण साधारण पहिल्या 48 तासांचाच. सहाव्या आठवड्यापर्यंत कोणी माहेरच्या गावी गेलेली असते, कोणी कापूस वेचणीला लागलेली. दुसऱ्या दिवशी 60 जणी आणि सहाव्या आठवड्याला 41 असतील, तर दोन सरासऱ्या शेजारी ठेवून ‘थकवा उतरला’ म्हणता येत नाही. त्याच 41 जणींचे दुसऱ्या दिवसाचे गुण वेगळे काढावे लागतात, आणि उरलेल्या 19 जणींचेही, म्हणजे न सापडलेल्या जणीच आधी जास्त थकलेल्या होत्या का, ते कळते.