वाटी भरलेली, पक्षी उपाशी

पुण्यात बाल्कनीतल्या पिंजऱ्यात दिसणारे आणि सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे पक्षी बहुतेक वेळा बजरीगार, म्हणजे छोटे पोपट असतात. त्यांच्या मिश्र दाण्यांची पिशवी एकदा तळहातावर ओतून बघा. गोल, पिवळसर दाणे राळ्याचे. त्यांत लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, पेंढ्याच्या रंगाचे चकचकीत दाणे असतील, तर ते कॅनरी सीड. स्वस्त मिश्रणात ते नावापुरतेच असतात.

कॅनरी सीड, शास्त्रीय नाव फॅलेरिस कॅनॅरिएन्सिस, हे गवताच्या कुळातले, म्हणजे गहू-ज्वारीचे भाऊबंद. मूळ भूमध्य सागराच्या परिसरातले असले, तरी आज सर्वाधिक पिकते ते कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात. दाण्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. बाजरीत ती ११ टक्क्यांच्या आसपास. सूर्यफुलाच्या बियांइतकी चरबी नसल्याने पिंजऱ्यात बसून असलेला पक्षी त्यावर सहसा सुटत नाही. साध्या वाणाच्या टरफलावर सिलिकायुक्त बारीक लव असते, मळणीत ती अंगाला लागली की खाज सुटते. म्हणून १९९७ मध्ये तिथे ‘सीडीसी मारिया’ हे बिनलवेचे वाण आले.

बजरीगार दाणा टरफलासकट गिळत नाही. चोचीत धरून, जिभेने फिरवून तो टरफल फोडतो, आतला गर गिळतो आणि रिकामे टरफल बऱ्याचदा वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ दिसते, आपण म्हणतो खातच नाही, आणि पक्षी मात्र उपाशी असतो. एवढ्याशा जिवाला एक दिवसाची उपासमारही महागात पडते. वाटीवर रोज हलकी फुंकर मारायची. टरफले उडतात, दाणे उरतात.

केवळ दाण्यांवर मात्र भागत नाही. त्यांत जीवनसत्त्व अ जवळपास नसते आणि कॅल्शियमही तुटपुंजे. मंडईतून भाजी आणताना पालकाची दोन पाने, गाजराचा थोडा कीस बाजूला काढला तरी पुष्कळ. कॅल्शियमसाठी कटलबोन, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचे पांढरे कवच, आयुर्वेदातला समुद्रफेन, पिंजऱ्याला अडकवावा.

पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत दाण्यांना बुरशी लवकर लागते, त्यामुळे महिन्याभराचाच माल घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. शंका आली तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात आठ-नऊ उगवले तर माल ताजा. निम्मेही उगवले नाहीत, तर पुढच्या वेळी दुसरे दुकान गाठा.