एक खरवडलं, अकरा उगवली

टिळकवाडीत माझ्या पुतण्याकडे खाऱ्या पाण्याची लहानशी टाकी आहे, चाळीस लिटरची. घाट उतरल्याशिवाय आम्हा बेळगावकरांना समुद्र दिसत नाही, म्हणून त्याने तो घरीच केलाय. लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने कालवलेलं समुद्री मीठ (स्वयंपाकातलं नव्हे), दोन क्लाउनफिश आणि दगडावर बटणांसारखे झोअँथिड, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातले छोटे जीव. गणपतीला गेलो तेव्हा त्या बटणांच्या बुडाशी एक तपकिरी, काचेसारखं फूल डुलत होतं.

"काका, कसं चंद दिसालंय बघा," तो म्हणाला. आता मासे त्यात घर करणार, अशी त्याची खात्री होती.

हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. समुद्रपुष्पं (सी अ‍ॅनिमोन) दिसतात फुलांसारखी, पण असतात प्राणी; त्यांच्या हजारभर जातींपैकी जेमतेम दहा जाती क्लाउनफिशला आसरा देतात, आणि हे फूल त्यांतलं नव्हे. हा एप्टेशिया. झोअँथिडच्या तुकड्याला चिकटून गुपचूप आला होता. त्याच्या अंगात सूक्ष्म दंशपुटी असतात. स्पर्श झाला की त्यांतून विषारी दोरा सुटतो, आणि शेजारचे झोअँथिड मिटू लागतात. मी सांगितल्यावर पुतण्याने त्याच संध्याकाळी जुन्या ब्लेडने ते खरवडून काढलं. तीन आठवड्यांनी फोन आला, "काका, एक काढलं तर अकरा आलेत की ओ!"

या अकरांचं कोडं मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

एप्टेशियाच्या तळाशी पायासारखी एक चकती असते. तिच्यावर तो दगडाला चिकटतो आणि हळूहळू सरकतोही. सरकताना चकतीची कड कुठेतरी अडकते, ताणली जाते आणि तुटते. मागे उरतो टाचणीच्या डोक्याएवढा कण. त्याला ना तोंड, ना पोट, ना अन्न पकडणारे संस्पर्शक. पण एक-दोन आठवड्यांत तो गोळा होतो, वर उचलला जातो, मध्ये भोक पडतं, भोवती इवलेसे हात फुटतात. ब्लेड फिरवून पुतण्याने नेमकं हेच काम त्याला फुकटात करून दिलं.

खानापूरकडच्या भातशेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. कुदळीने हराळी तोडली की तिचं प्रत्येक पेर रुजतं. पण फरक आहे, आणि गंमत त्या फरकातच आहे. हराळीच्या पेरात कोंब आधीपासून तयार असतो. या कणात असं काहीच तयार नसतं. पेशींचे दोन थर, मध्ये जेलीसारखा पदार्थ, एवढाच ऐवज. मग तोंड कुठल्या बाजूला करायचं, हे त्याला कळतं कसं?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो गोड्या पाण्यातल्या त्याच्या नातलगाबद्दल, हायड्राबद्दल. १७४० मध्ये हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेंबली मुलांची शिकवणी करत होता. डबक्यातला हा हिरवा जीव वनस्पती की प्राणी, हे ठरवायला त्याने तो कापला. दोन्ही तुकडे पूर्ण झाले! पुढे १९०९ मध्ये एथेल ब्राउन या तरुण संशोधिकेने हिरव्या हायड्राच्या तोंडाजवळचा बारीक तुकडा पांढऱ्या हायड्राच्या धडात बसवला. तिथे नवं डोकं फुटलं, आणि त्यात पांढऱ्या पेशीही होत्या. म्हणजे कलम स्वतःपुरतं वाढलं नाही, त्याने शेजाऱ्यांना कामाला लावलं. हा हुकूम पोचवणाऱ्या रेणूंपैकी एक आज ओळखीचा आहे. त्या प्रथिनाचं नाव विंट. ते पेशीच्या पडद्यावरच्या ग्राहकाला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, आत बीटा-कॅटेनिन नावाचं दुसरं प्रथिन साठू लागतं, ते केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. विंटचा जोर जिकडे जास्त, तिकडे तोंड. नेमॅटोस्टेला या दुसऱ्या समुद्रपुष्पात औषधाने हा संकेत वाढवला, तर खालच्या कापलेल्या टोकालाही तोंडाकडचे भाग उगवतात.

तुटलेला कण उपाशीही मरत नाही. आतल्या थरातल्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, ते प्रकाशावर साखर बनवतं आणि मालकाला देतं. प्रवाळांचंही असंच चालतं. म्हणून टाकीवाल्यांचा हा शत्रू प्रयोगशाळेत लाडका आहे. प्रवाळ पांढरे का पडतात हे शोधायला त्याचा उपयोग होतो, आणि २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

आता उपाय. निपाणीकडे तंबाखूबरोबर तळहातावर मळतात तो चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, इथे कामाला येतो. मात्र डबीतला घेऊ नका, त्यात इतर काही मिसळलेलं असू शकतं. शुद्ध पूड घ्यावी, थोड्या पाण्यात दह्याइतकी दाट कालवावी, पंप बंद करावा आणि सिरिंजने अगदी हळू तोंडावर सोडावी. धसमुसळेपणा केला की तो क्षणात दगडाच्या भोकात शिरतो. अन्न समजून त्याने ती आत घेतली की काम झालं. संपृक्त चुन्याच्या पाण्याचा सामू (pH) १२च्या वर असतो, त्यात पेशींचे पडदे टिकत नाहीत. पण त्याच कारणाने चाळीस लिटरमध्ये एका दिवशी दोन-तीनच मारावेत, नाहीतर साऱ्या टाकीचा सामू चढतो. मेलेले कुजले की अमोनिया वाढतो, म्हणून दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदलावं.

हे न केल्याने पुतण्याचा एक मासा गेला. शेजारच्या आजी म्हणाल्या, घरावरचं आलेलं त्याने अंगावर घेतलं. त्यांची माया खरी, पण माशाला मारलं ते अमोनियाने. टाकी ईशान्येला सरकवून तो कमी होत नाही, पाणी बदलून होतो. 'एका थेंबात सफाया' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपासूनही जपून. तांब्याची औषधं तर टाकीतल्या कोळंब्या-गोगलगायींनाही मारतात.

जिवंत मदतनीसही आहेत. पेपरमिंट कोळंबी लहान एप्टेशिया खाते, पण तिची मर्जी असेल तर. बर्गिया ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. तो संपला की तीही उपाशी मरते, म्हणून ती घेण्याआधी पुढे कुणाला द्यायची हे ठरवून ठेवावं.

अकरांपैकी दहा चुन्याने गेले. अकरावा काचेवर होता. त्याने मागे सोडलेला कण आम्ही सुरीच्या टोकाने अलगद उचलून खाऱ्या पाण्याच्या बरणीत ठेवला आणि मगच त्याच्यावर सिरिंज धरली. बरणी खिडकीत आहे. नवव्या दिवशी भिंगातून पाहिलं तेव्हा तोंडाची फट दिसली. परवापर्यंत सहा हात मोजले होते, काल पुतण्याने आठ मोजले.