माळ्यावर कोण आहे? उदमांजर आणि रॅकून

टोरोंटोच्या उपनगरात घर घेतलं, त्या पहिल्याच एप्रिलात रात्री दोनला डोक्यावर धप्प असा आवाज झाला. मग कुणी गोणपाट ओढत न्यावं तशी खसफस. मी फोनवर तो आवाज टिपला आणि गुहागरला आईला पाठवला. तिचा निकाल तयार होता, "उदमांजर आहे. रात्री बाहेर पडलं की भोक बुजवून टाक." दुसऱ्या दिवशी छतावर दिसलेल्या प्राण्याचा फोटो धाडला. "हेच की! जरा जास्त खाल्लेलं दिसतंय."

पण तो होता रॅकून, उत्तर अमेरिकेतला प्राणी. फसायला होतंच. दोघंही रात्रीचे, दोघांच्या तोंडावर चोरासारखा काळा पट्टा, दोघांना फळंही चालतात आणि उंदीरही. माणसाचा माळा म्हणजे दोघांना आयती ढोली. पण उदमांजर, कोकणात ज्याला कांडेचोरही म्हणतात, ते मांजर-मुंगसाच्या बाजूचं. (नावात मांजर असलं तरी खरं मांजर तेही नव्हे.) रॅकून अस्वल-कुत्र्यांच्या बाजूचा. शेपटी बघितली की लगेच कळतं: उदमांजराची लांब, एकरंगी, जवळजवळ अंगाएवढी, रॅकूनची आखूड, झुबकेदार आणि कड्याकड्यांची. वजनात उदमांजर साधारण तीन-चार किलोंचं, तर शहरातला खाऊन माजलेला रॅकून सहज दहाच्या घरात.

खरा फरक मात्र हातांत आहे. मुद्दाम हात म्हणतोय, पंजे नव्हे. पाऊस पडून गेल्यावर आमच्या मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, त्याचे ठसे उमटले होते: पाच लांब बोटं, रांगत्या बाळानं तळवा टेकावा तसे. रॅकून हा शब्दच मुळी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पोव्हाटन भाषेतल्या, हातांनी खरवडणारा अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. कडी उघडणं, झाकण फिरवणं, पत्रा उचकटणं ही त्याची रोजची कामं. २०१६ मध्ये टोरोंटो पालिकेनं ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे वाटले, त्यांना खास फिरवायची कुलपं होती, ती याच्याचसाठी. तीही काहींना उघडता आलीच.

उदमांजर घर फोडत नाही. सरकलेलं कौल, वाशाला टेकलेली फणसाची फांदी, वळचणीतली फट, अशी तयार वाट त्याला लागते. कौल सरळ करा, फांदी छाटा, फटीला जाळी मारा, की काम झालं. आईचा सल्ला तिच्या घरापुरता अगदी बरोबर होता. (तिथंही आधी पिल्लं नाहीत ना हे बघायचं. आणि पकडायचं तर वन विभागाला विचारूनच, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे.) रॅकूनला वाट नसली तर तो करतो. आमच्या छतावरच्या व्हेंटचं, म्हणजे हवा जायच्या भोकाचं, प्लॅस्टिकचं झाकण त्यानं पापडासारखं मोडलं होतं.

त्यात एप्रिल. वसंतात माळ्यावर आलेला रॅकून बहुतेक वेळा मादीच असते आणि आत तीन-चार पिल्लं असतात. आमच्या गल्लीत एकानं आईच्याच पद्धतीनं रात्री भोक बुजवलं. मादी बाहेर राहिली, पिल्लं आत. पहाटेपर्यंत तिनं शेजारचे शिंगल (इथली कौलं म्हणा) उपसून खालचा प्लायवूड फाडला होता. एका भोकाची दोन झाली.

म्हणून इथं झडपेचं दार लावतात. येण्याजाण्याच्या एकमेव भोकावर ते बसवायचं: आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही. त्याआधी बाकीच्या सगळ्या कच्च्या जागा गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेशनं, म्हणजे सांधे जोडलेल्या जाड तारांच्या जाळीनं, बंद करायच्या. कोंबड्यांची जाळी चालत नाही, ती तो हातानं पिळून काढतो. आत पिल्लं असली तर दार लावण्याआधी ती जाड हातमोजे घालून उचलतात, उबदार खोक्यात घालून बाहेर भोकाजवळ ठेवतात. मादीची एकदोन बिऱ्हाडं आधीच ठरलेली असतात. रात्रीतून ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. हे काम शिडीवरचं आणि चावऱ्या प्राण्याचं आहे, तेव्हा जाणत्या माणसाला बोलवावं. घाई नसेल तर पिल्लं आईमागे हिंडू लागेपर्यंत थांबावं. आम्ही ऑगस्टपर्यंत थांबलो. झोप गेली, छत वाचलं.

"पकडून लांब जंगलात सोडून ये," हा आईचा पुढचा सल्ला. ओंटारिओत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, तसं करता येत नाही: पकडलेला रॅकून चोवीस तासांत आणि एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. कारण रेबीज. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत रॅकूनचा रेबीज पसरला तो १९७०च्या दशकात शिकारीसाठी दक्षिणेकडून आणून सोडलेल्या रॅकूनांमुळे, असं मानतात. इथं ओंटारिओत तो डिसेंबर २०१५ मध्ये टोरोंटोजवळच्या हॅमिल्टनमध्ये पुन्हा सापडला.

विष्ठेतही दोघांचं जमत नाही. उदमांजराची म्हणजे बियांचा गठ्ठाच. आईच्या अंगणाच्या कडेला दोन पपया त्यातूनच उगवल्या, असं तिचं ठाम म्हणणं आहे. रॅकून एकाच कोपऱ्यात पुन्हापुन्हा घाण करतो आणि त्यात एका गोलकृमीची अंडी असू शकतात. दोन ते चार आठवड्यांत ती संसर्गजन्य होतात, ब्लीचला दाद देत नाहीत आणि पोटात गेली तर, क्वचित का होईना, मेंदूपर्यंत पोचतात. कोरडा झाडू चुकूनही लावू नका. मास्क, हातमोजे, घाण ओली करून उचलणं, मग उकळतं पाणी. माळ्यावर थंडी अडवायला फायबरग्लासचा थर असल्यानं पाणी ओतता येत नाही, तेवढा थरच काढून टाकावा लागतो. आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच.

सप्टेंबरात नव्या जाळीवर मातीचे हात उमटलेले दिसले. चार-पाच ठिकाणी, एकाखाली एक. जाळी हलली नव्हती. आईला फोटो पाठवला. तिच्याकडचं कौल अजून सरकलेलंच आहे; उदमांजर यायला लागल्यापासून भाताच्या कणगीत उंदीर नाहीत म्हणे.