केस पिकले म्हणून कुणी मॅरेज कौन्सेलर होत नाही

आमच्या लातूर-परभणीकडं वर्षानुवर्षं एकच समज, की ज्यानं चार सोयरिकी जुळवल्या, दोन बैठकीत बसून भांडणं मिटवली तो झाला कौन्सेलर, त्याला कशाला पाहिजे शिक्षण. अन् बिनलग्नाच्या पोरीनं हे शिकायचं म्हणलं की लगेच, "तुला काय कळतंय संसारातलं?" दोन्ही चूक आहे.

बैठकीत ठरतं कोण चुकलं अन् पोरीला नांदायला कधी पाठवायचं. शिकलेला कौन्सेलर, म्हणजे फॅमिली थेरपिस्ट, निवाडा देतच नाही. शिकताना आधी जेनोग्राम काढायला लावतात, म्हणजे तीन पिढ्यांचं घर एका कागदावर, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, दोघांत ताण असला की मधे नागमोडी रेघ, अन् मग दिसतं की नवऱ्याचा अबोला त्याच्या आजापासून चालत आलाय. हे वयानं येत नाही, कुणाच्या तरी देखरेखीखाली केसेस करून येतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तर मास्टर्स करून वर असे ३००० तास भरल्याबिगर लायसन्सच नाही.

आपल्याकडं असं वेगळं लायसन्स नाही, म्हणून तर पाटी कुणीही लावतंय. इथं मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स), वरून ट्रेनिंग, हा रस्ता. त्यामुळं जायच्या आधी बिनधास्त विचारा, शिक्षण काय, ट्रेनिंग कुणाच्या हाताखाली झालं.

अन् घरात मारहाण असली तर शिकलेला माणूस दोघांना एकत्र बसवायची घाई करत नाही, आधी बाईला एकटीला विचारतो, घरी गेल्यावर जिवाला धोका आहे का.