सोनोग्राफीतले पांढरे ठिपके

इंदूरच्या रामबागेत साठी ओलांडलेली मंडळी जमली, की शुगर-बीपीच्या जोडीला सोनोग्राफीचे रिपोर्टही निघतात. 'प्रोस्टेटमध्ये कॅल्सिफिकेशन', म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत कॅल्शियम साचून दिसणारे पांढरे ठिपके, ही ओळ आली की कर्करोगाच्या शंकेने आवाज खाली येतो. "पथरीच ती काका, पाणी प्या भरपूर," हा सल्ला तर ठरलेला. पण हे खडे ग्रंथीच्या आत अडकलेले असतात, पाण्याने वाहून जाणार कसे?

प्रोस्टेटच्या बारीक नळ्यांत स्राव साचून गोल कण तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात कांद्यासारखे थर दिसतात. त्यांना 'कॉर्पोरा अमायलेशिया' म्हणतात. त्यांत कॅल्शियमचे क्षार, मुख्यतः फॉस्फेट, बसले की खडा होतो. पन्नाशीनंतर हे सर्रास सापडतात आणि बहुतेकांना त्रास काहीच नसतो.

मग कर्करोगाचं नाव यात आलं कुठून? 2009 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी, कर्करोगामुळे काढलेल्या प्रोस्टेटमधले खडे घेऊन त्यांतली प्रथिनं तपासली. सापडली लॅक्टोफेरिन, कॅलप्रोटेक्टिन, मायलोपेरॉक्सिडेज. जंतूंशी लढताना न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, तीच ही. म्हणजे खडा जिथे बनला, तिथे कधीतरी चांगलाच दाह झाला असणार. आणि दीर्घकाळचा दाह कर्करोगाला वाट करून देतो, हे जठर आणि यकृताच्या बाबतीत माहीत आहेच.

मला यातला धागा पटतो, पण निष्कर्षाची घाई पटत नाही. असे खडे कर्करोग नसलेल्यांतही भरपूर असतात. शिवाय ते बहुधा ग्रंथीच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांच्या सीमेवर असतात, तर कर्करोग बहुतेक वेळा बाहेरच्या भागात उगवतो. खडा दाह पेटता ठेवतो की दाहाची नुसती खूण असतो, यावर अभ्यासांचं एकमत नाही. मॅमोग्राफीत स्तनातले काही बारीक ठिपके संशयास्पद ठरतात. तो नियम इथे चालत नाही.

नुसत्या ठिपक्यांवरून बायोप्सी होत नाही. डॉक्टर पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण आणि गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी (जी टाळायला आपल्याकडे सबबींची कमी नाही) पाहतात, गरज पडली तर एमआरआय. पीएसए जंतुसंसर्गानेही वाढतं, म्हणून एका आकड्यावर घाबरू नये.

गंमत म्हणजे, कर्करोग झालाच आणि रेडिएशन द्यायचं ठरलं, तर नेम धरण्यासाठी प्रोस्टेटमध्ये सोन्याचे बारीक दाणे बसवतात. काही रुग्णांत ते काम हे खडेच करतात.