‘फूड ग्रेड’ कॅनमध्ये दारू ठेवली तर चालते?

घरी गाळलेली दारू साठवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलाय: डब्यावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं असलं, की आत काहीही ओता. तळाचा त्रिकोणातला आकडा तर काहींना हमीपत्रच वाटतो. तो आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. सुरक्षिततेबद्दल अवाक्षरही नाही.

‘फूड ग्रेड’ हा शिक्का ठरावीक पदार्थ, तापमान आणि कालावधीपुरता असतो. पिण्याच्या पाण्यासाठी योग्य ठरलेला कॅन ६०-७० टक्के अल्कोहोलसाठी योग्य असेलच असं नाही. अल्कोहोल हा द्रावक आहे. प्लॅस्टिक मऊ ठेवणारी आणि इतर रसायनं तो पाण्यापेक्षा सहज ओढून घेतो. तीव्रता, उष्णता आणि मुक्काम वाढला की हे प्रमाणही वाढतं. मग बाजारात पेट (PET) प्लॅस्टिकच्या बाटलीतली दारू कशी मिळते? ती बाटली साधारण ४० टक्क्यांच्या पेयासाठी तपासलेली असते. तुमचा जुना कॅन नाही.

साधी काच सर्वांत उत्तम, मोठ्या साठ्याला चांगलं स्टेनलेस स्टील. झाकणाकडेही बघा, तीव्र दारूला रबराचं बूच नको. जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं नकोच. आणि काच म्हणजे नक्षीदार क्रिस्टलचा डिकँटर (दारू वाढायची सुरई) नव्हे: पारंपरिक क्रिस्टलमध्ये साधारण २४ टक्के लेड ऑक्साइड, म्हणजे शिशाचं संयुग, असतं, आणि ते शिसं दारूत उतरतं. पाहुण्यांसमोर तासभर मिरवायला ठीक, साठवायला नाही.

काही असलं तरी भांडं ज्योतीपासून लांबच ठेवा. ४० टक्के दारूची वाफही साधारण २६ अंशांना पेट घेऊ शकते.