नोकरी आहे म्हणून लीगल एड नाही? तसं नाही

‘पगार चालू आहे ना, मग लीगल एड (सरकारी खर्चाने मिळणारी वकिलाची मदत) विसरा,’ असं इंग्लंडमध्ये घर गमावलेल्या माणसाला हमखास ऐकवलं जातं. हे चूक आहे, आणि त्यापायी कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) घरासाठीची मदत नाकारली तरी लोक अपीलच करत नाहीत याचं फार वाईट वाटतं. महिन्याचं एकूण उत्पन्न साधारण २,६५७ पौंडांच्या आत हवं. कर, घरभाडं वगैरे वजा जाता ७३३ पौंडांपर्यंत उरले तरी चालतं, फक्त थोडा हिस्सा भरावा लागू शकतो. बचत ८,००० पौंडांच्या वर नको.

घाई आहे ती मुदतीची. कौन्सिलकडे मागितलेल्या फेरविचारातही तिने मदतीला नकार दिला, तर कळवल्यापासून २१ दिवसांत काउंटी कोर्टात अपील, तेही कायद्याच्या मुद्द्यावरच. नकाराचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट घेऊन त्याच आठवड्यात सॉलिसिटर (वकील) गाठा.